परत म्हणायचं नाही

तिला एका जागी बसता यायचं नाही. जेवतानासुद्धा तिचा गुडघा टेबलाखाली असा हलायचा की पाण्याचे पेले हिंदकळायचे. नवरा म्हणायचा, "अगं, जेवतेयस की मशीन चालवतेयस?" त्याला तसं म्हणायचा हक्कच होता म्हणा, कारण तो मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायचा आणि दिवसभर खरंखुरं मशीन चालवून घरी यायचा. ती लोकांच्या घरोघरी इंटरनेट जोडायची. खांद्यावर वायरचं भेंडोळं, कमरेला पक्कड, बगलेत शिडी आणि पायाला भिंगरी. गिऱ्हाईक दार उघडून तिच्या मागे बघायचं आणि विचारायचं, "माणूस नाही आला का?" ती म्हणायची, "मीच तो माणूस. राउटर कुठे आहे ते दाखवा." आणि दाखवेपर्यंत ती निम्म्या जिन्यावर पोहोचलेली असायची.

पण गावात तिची ओळख वेगळीच होती. ती सैन्याच्या राखीव तुकडीत होती. राखीव म्हटलं की लोकांना वाटतं, कपाटात घडी घालून ठेवलेली जास्तीची चादर. तसलं काही नसतं हो. ही माणसं एरवी आपापली कामं करतात, सुट्टीच्या दिवशी गणवेश चढवून सराव करतात, आणि पूर आला, भूकंप झाला, मोबाइलचे टॉवर आडवे झाले, की सैन्य त्यांना हाक मारतं. हिच्या तुकडीच्या हाती बंदूक नसायची, बिनतारी संच असायचे. सगळ्यांचे फोन मुके झाले की दवाखाना, अग्निशमन दल आणि पाण्यातल्या नावा यांना एकमेकांशी बोलतं ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. एवढंच म्हणजे काय, करून बघा एकदा! हे सगळे धागे एका बंद गाडीत येऊन मिळायचे. छपरावर उपग्रहाची थाळी, आत संच आणि संगणक, आणि खुर्चीत बसून सगळ्यांशी बोलणारा एक आवाज. त्या आवाजाला 'कंट्रोल' म्हणायचं. तो आवाज तिचा होता. बघता बघता तेच तिचं नाव पडलं. नवरा स्वयंपाकघरातून ओरडायचा, "कंट्रोल, मीठ कुठे ठेवलंय, ओव्हर," आणि ती खरोखरच उत्तर द्यायची, "वरच्या फळीवर, डावीकडे, ओव्हर."

गंमत अशी की एका जागी न बसणारी ही बाई त्या खुर्चीत मात्र बसायची. गुडघा हलायचा, पण आवाज हलायचा नाही.

तुकडीतल्या बाकीच्यांनाही धंद्यावरून नावं होती. पाव भाजणारा तो बेकरी. आडदांड गडी, नाव चालवण्यात त्याचा हात कोणी धरायचा नाही. भूमिती शिकवणारे ते सर, गाडीत तिच्या शेजारी बसून दुसरा संच सांभाळायचे. आणि सगळ्यांच्या वरती साहेब, पक्के फौजी, हसले तर पगार कापतील की काय अशा चेहऱ्याचे.

आता बिनतारीचा एक चमत्कारिक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. त्या संचावर एका वेळी एकालाच बोलता येतं. बटण दाबलं की बोलायचं, बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणून ते सोडायचं आणि ऐकायचं. वाऱ्याने आणि इंजिनाच्या घरघरीने निम्मे शब्द वाटेतच गळतात. मग समोरच्याला कळवावं लागतं की बाबा रे, ऐकू आलं नाही. आता तुम्ही-आम्ही अशा वेळी काय म्हणतो? 'परत?' म्हणतो. 'परत बोल' मधलं बोल खाऊन टाकतो. घरात चालतं ते. पण पाण्यातल्या नावेवर नुसतं 'परत' ऐकू आलं, तर नाववाला काय समजेल? एका सरावात तेच झालं. बेकरी तलावाच्या मधोमध पोहोचला होता, सरांनी नेहमीच्या सवयीने "परत?" म्हटलं, आणि हा पठ्ठ्या गर्रकन वळून काठावर हजर. "काय, बोलावलंत?" सगळे पोट धरधरून हसले. ती हसली नाही. त्याच दिवशी तिने फतवा काढला. संचावर 'परत' हा शब्द तोंडातून निघता कामा नये. ऐकू आलं नाही, तर 'पुन्हा सांगा'. नाव वळवायची असेल, तर 'माघारी या'. जो परत म्हणेल, त्याने सगळ्या तुकडीला चहा पाजायचा. सरांनी बिचाऱ्यांनी इतका चहा पाजला की शेवटी कानाला खडा लावला. बेकरी तर म्हणायचा, "जग बुडालं तरी कंट्रोलच्या तोंडून परत निघायचं नाही."

तिने हा शब्द तोंडातून खरवडून काढला होता, आणि ते सोपं नव्हतं. ती या शब्दातच लहानाची मोठी झाली होती. तिच्या वडिलांनी उभा जन्म पत्रा कापणाऱ्या मशीनवर काढला. दिवसभर धाडधाड, धाडधाड. कान गेले ते गेलेच. कामावरून घरी आले की तळहात कानामागे धरून त्यांचा एकच प्रश्न असायचा, "परत?" आई सांगायची, जेवायला चला. "परत?" आई परत सांगायची. आईने जन्मभर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली आणि कपाळाला कधी आठी पाडली नाही. बाबांना कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर म्हणे, "त्यात शिट्ट्या वाजतात," आणि ते खणात पडलं ते आजतागायत. आई गेल्यावर बाबा नदीकाठच्या लेथवाल्यांच्या गल्लीत एकटेच राहायचे. बसकं घर, वर स्वतःच्या हाताने ठोकलेला पत्रा. "माझ्याकडे राहायला या," असं ती दर आठवड्याला सांगायची आणि दर आठवड्याला ते नेमकं ऐकू यायचं नाही. काही गोष्टी त्यांना सोयीने ऐकू यायच्या नाहीत, हेही खरं.

पण आईचा धीर हिच्याकडे कुठला? पहिल्यांदा नीट सांगायची, दुसऱ्यांदा ओरडायची. ओरडली की बाबा म्हणायचे, "ओरडतेस कशाला?" आता काय डोंबल बोलायचं यावर! मग हळूहळू तिला एक पळवाट सापडली. "परत?" आलं की ती म्हणायची, "काही नाही, जाऊ द्या." सुटली! संचावर परक्या माणसाला दहा वेळा शांतपणे 'पुन्हा सांगा' म्हणणारी ही बाई, आणि सख्ख्या बापाला दुसऱ्यांदा सांगायचा तिला कंटाळा. नवऱ्याने एकदा हे बोलून दाखवलं, तर ती फणकाऱ्याने म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला? तुझे वडील कुजबुजलेलंही ऐकतात."

त्या दिवशी सकाळी तुकडीला बोलावणं आलं. वरच्या अंगाला पावसाने थैमान घातलं होतं, धरणाचे दरवाजे उघडणार होते, नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या करायच्या होत्या. ती खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून बुटाच्या नाड्या बांधत होती.

"बाबा, नीट ऐका. नदीला पाणी येतंय. मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत जाऊन थांबा. आत्ता लगेच."

"परत?"

"शाळेत जा, बाबा! शाळेत!"

"कोणाची शाळा? परत?"

बाहेर तुकडीच्या गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. तिची नाडी तुटली. "काही नाही, जाऊ द्या. मी नंतर फोन करते."

एवढं मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं. "बरं, बरं. वाट बघतो," ते म्हणाले, आणि तिने फोन ठेवला. नवऱ्याला म्हणाली, "तू जाऊन बाबांना शाळेत सोड. उचलून न्यावं लागलं तरी ने." तो चपला घालत होता तोवर ती गाडीत चढलीसुद्धा.

गाडी नदीच्या वरच्या उतारावर, एका बंद गोदामाच्या आवारात लावली. थाळी आकाशाकडे वळवली, मुख्यालयाशी जोडणी झाली, संगणकावर गावाचा नकाशा उघडला. प्रत्येक नाव म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. ठिपका सारखा हलत नाही, थांबून थांबून पुढे उडी मारतो, म्हणजे आपण बघतो ते नेहमी थोडं आधीचं असतं. दुपार व्हायच्या आत मोबाइल बंद पडले. नदीकाठची वीज गेली. मग नुसता गलका. दवाखान्याला जनित्रासाठी डिझेल हवं. अग्निशमनवाल्यांना दोर हवा. एका गच्चीवर बाळंतीण अडकलेली. ती एकेकाला थोपवत होती, एकेकाला वाट करून देत होती, "नाव एक, थांबा. दवाखाना, बोला." सगळं गाव तिच्या कानात बोलत होतं. फक्त एका माणसाचं काय झालं, तेवढं तिला कळत नव्हतं. बाबा शाळेत पोहोचले की नाही? संचावर घरचं विचारायचं नाही, हाही नियम तिचाच. गुडघा असा हलत होता की सरांचं पेन टेबलावरून दोनदा पडलं. "बाई, बाहेर पूर आहे तेवढा पुरे," ते म्हणाले. तिला हसूही आलं नाही.

त्यातच साहेब येऊन सांगून गेले, "पुलाच्या खांबावरच्या लाल पट्टीला पाणी लागलं की सगळ्या नावा माघारी. प्रवाह झेपणार नाही. नाववाल्यांना कल्पना देऊन ठेवा." तिने तशी दिली.

आणि मग गाडीच्या दाराशी नवरा उभा राहिला. नखशिखांत भिजलेला. त्याने नुसती मान हलवली. मग म्हणाला, "पूल बंद केलाय. पलीकडे सोडलं नाही गं. खूप विनवण्या केल्या."

नेमका त्याच क्षणी संच खरखरला. नाव तीन. बेकरी. "कंट्रोल... लेथवाल्यांची गल्ली... पत्र्यावर... म्हातारा..." मग घरघर, घरघर. "...हाका मारतोय, पण... ऐकू..."

तिने बटण दाबलं. आणि इतक्या वर्षांची शिस्त, फतवा, चहा, सगळं बाजूला सारून तिच्या तोंडून तिच्या बापाचा शब्द बाहेर पडला.

"परत?"

"समजलं. परत," बेकरी म्हणाला.

ती वाट बघत राहिली. समजलं, परत. म्हणजे आता तो परत सांगेल. जीव कानात आणून ती बसली होती. संच गप्प. बोल ना रे! काय म्हणत होतास, 'ऐकू'च्या पुढे काय? अजून गप्प. एवढ्यात नकाशावरचा तिसरा ठिपका उडी मारून पुढे सरकला. पुढे कसला? मागे! गल्लीपासून दूर, काठाकडे.

"नाव तीन, थांबा! नाव तीन!" उत्तर नाही. उत्तर कुठून येणार? त्या प्रवाहात दोन्ही हातांनी नाव सावरायची, म्हणजे बेकरीने संच अंगावरच्या पिशवीत टाकला असणार. वळायचा हुकूम सगळे धरूनच चालले होते. आणि कंट्रोल तर कधी चुकून परत म्हणत नाही, हे त्याच्याएवढं पक्कं कोणाला ठाऊक होतं? कंट्रोल परत म्हणाली, म्हणजे फिराच. तिच्या कडकपणानेच त्याला वळवलं होतं.

ती उठली, खुर्ची मागे कलंडली. "साहेब! नाव तीन माघारी येतेय. हुकूम नव्हता. मी 'परत' म्हटलं. चूक माझी आहे."

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही? तुम्ही म्हटलंत?" त्यांचा विश्वासच बसेना. "तिथे कोण आहे तुमचं?"

"वडील."

साहेब आवाज न चढवता म्हणाले, "हेडसेट सरांना द्या. स्वतःचं माणूस अडकलं असेल तर संचावर बसायचं नाही." हा नियम मात्र तिचा नव्हता, पण ती तो तोंडपाठ इतरांना शिकवायची. तिने हेडसेट काढून सरांच्या हातात दिला.

आता हात मोकळे, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते तिला जन्मात कधी कळलं नव्हतं. गाडीतून उतरली, पुन्हा चढली. घट्ट असलेल्या वायरी पुन्हा घट्ट केल्या. नवऱ्याने तिचा दंड धरला, तो झटकला, आणि मग त्याच्याच ओल्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली, "मी त्यांना सकाळी दुसऱ्यांदा सांगितलं नाही रे. जाऊ द्या म्हटलं. पाणी येतंय आणि मी म्हटलं, जाऊ द्या." त्याने तिला तसंच धरून ठेवलं.

नाव तीन काठाला लागली तेव्हा सरांनी बेकरीला सगळं समजावून सांगितलं. तोवर पाणी लाल पट्टीपाशी आलंच होतं. साहेबांनी सरांच्या हातून संच घेतला. "नाव तीन, पट्टीला पाणी लागायला आलंय. जायचा हुकूम मी देणार नाही. जायचं का ते तुम्ही बघा."

"साहेब, तो म्हातारा मी डोळ्यांनी बघितलाय," बेकरीचा आवाज आला. "त्याच्याकडे पाठ करून आलोय मी. जातो. ओव्हर."

ठिपका वळला. ती सरांच्या मागे उभी राहून नकाशाकडे बघत होती. ठिपका थांबायचा, आणि थांबला की तिचाही श्वास थांबायचा. उडी मारायचा, आणि तिला वाटायचं, अजून एवढंच? पाण्यात अजून दोन नावा होत्या, त्यांनाही माघारी यायचा हुकूम जायचा होता. साहेब खिडकीतून पुलाकडे बघत होते आणि तो हुकूम तोंडात धरून होते.

"कंट्रोल, नाव तीन. पोहोचलो. म्हातारबुवा पत्र्यावरच आहेत, धडधाकट आहेत. पण नावेत बसायला तयार नाहीत. ओव्हर."

"का?" सर ओव्हर म्हणायलाही विसरले.

"प्लास्टिकच्या पिशवीत फोन घेऊन बसलेत. म्हणतात, खाली रेंज नाही, इथेच येते. मुलगी म्हणालीय, नंतर फोन करते. तिचा फोन आल्याशिवाय हलायचे नाहीत. मी काय सांगतो ते ऐकूच येत नाही हो त्यांना. पाणी पत्र्याला लागतंय. काय करू? ओव्हर."

सरांनी हेडसेट डोक्यावरून काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "घ्या. लवकर."

तिने बटण दाबलं. "बेकरी, संच त्यांच्या उजव्या कानाला लाव. आवाज पूर्ण सोड. आणि बटण तूच दाबून दे." मग एक श्वास घेतला. "बाबा, मी बोलतेय. नावेत बसा."

तिने बटण सोडलं. वारा, पाण्याचा घोंघाट, बेकरीचं काहीतरी पुटपुटणं. आणि मग खणखणीत आवाजात, सगळ्या संचांवर, सगळ्या नावांवर, दवाखान्यात आणि अग्निशमन दलात एकदमच ऐकू आलं, "परत?"

"अरे देवा!" तिने झडप घालून बटण दाबलं. "सगळ्या नावा, कोणीही वळू नका! हुकूम नाही तो! ते माझे बाबा आहेत, त्यांना ऐकू येत नाही!"

सरांना अशा वेळीही खोकल्यासारखं हसू फुटलं. ती खुर्चीवर बसली. ती खुर्चीवर बसली. ओरडली नाही. आई सांगायची तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा. समोर नाव आहे. तिच्यात बसा."

"परत?"

"नावेत बसा, बाबा. मी वाट बघतेय."

पलीकडे नुसता पाण्याचा आवाज. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग पत्रा कडकडला, कोणीतरी धपकन कशावर तरी पडलं, बेकरी "बसा, बसा, धरून बसा" म्हणाला, इंजिन गुरगुरलं. आणि त्या सगळ्यावर आवाज चढवून, चांगल्याच वैतागलेल्या सुरात बाबा म्हणाले, "अगं, मग हे सकाळीच सांगायचंस ना!"

साहेबांनी पुलाकडची नजर काढून तिला खूण केली. सगळ्यांना माघारी बोलवायची वेळ झाली होती. तिने त्यांना नेहमीच्या आवाजात बोलावलं, "सगळ्या नावा, माघारी या," आणि तीन आवाजांनी "समजलं" म्हटलं. मग तिने पुन्हा बटण दाबलं. सगळं गाव ऐकत होतं, ऐकू दे.

"सांगितलं होतं, बाबा," ती म्हणाली. "पण परत नाही सांगितलं."

चहाचं कोणी नावही काढलं नाही.